डेमो त्यांच्या लॅपटॉपवर, भोग माझ्या

"आजी, अजून थोडा आ करा," असं मी त्या दुपारी चौथ्यांदा म्हणाले. आजींचा जबडा दुखायला लागला होता, तोंडात लाळ साठत होती आणि पडद्यावरचं चित्र दुसऱ्या दाढेपाशी अडून बसलं होतं. शेवटी मी नवाकोरा स्कॅनर बाजूला ठेवला, ट्रे काढला आणि पुट्टी मळून जुन्या पद्धतीनं माप घेतलं. निघताना आजी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, हेच आधी करायचं ना!"

कराडला माझा दातांचा दवाखाना आहे. तोंडात फिरवून दातांचं माप घेणाऱ्या या स्कॅनरसाठी मी कर्ज काढलं होतं. डेमोच्या दिवशी प्रतिनिधीनं माझ्याच सहायिकेचे दोन्ही जबडे बोलता बोलता स्कॅन करून दाखवले. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. स्कॅनर ज्या लॅपटॉपला जोडला होता, त्याच्याकडे बघायचं सुचलंच नाही. पुढे स्कॅनर कंपनीचा घेतला आणि लॅपटॉप ओळखीच्या दुकानातून. "आय-सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम, वर ग्राफिक्स कार्ड. मॅडम, यावर विमान उडेल," दुकानदार म्हणाला. पन्नासेक हजार वाचले म्हणून मी खूश. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण मी उलटी करून दाखवली: कोंबडी लाखांची आणि मसाल्यात कंजुषी.

दोन महिने मी सगळ्यांना दोष दिला. माझा हात थरथरतो, लाळ फार आहे, स्कॅनरचं टोक खराब आलंय. मग एकदा लॅबवाल्या दादांनी फोनवर सांगितलं, "ताई, टास्क मॅनेजर उघडा आणि मग स्कॅन करा." उघडला. प्रोसेसरच्या पोटातलं साधं ग्राफिक्स शंभर टक्क्यांवर धापा टाकत होतं आणि वेगळं दिलेलं एनव्हिडियाचं कार्ड शून्यावर झोपलं होतं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन स्कॅनरच्या प्रोग्रॅमला ते कार्ड नेमून दिलं, तेव्हा कुठे गाडी हलली. तरी दहा मिनिटांनी पुन्हा अडखळायची. कार्ड चार जीबीचं होतं आणि लॅपटॉप बारीक अंगाचा, लगेच तापणारा. शिवाय स्कॅनर, माउस आणि पेनड्राइव्ह मी एकाच यूएसबी हबला लटकवले होते.

यात नेमकं काय बिघडतं? स्कॅनर सेकंदाला कितीतरी छोटे तुकडे टिपतो आणि प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या कडेशी जुळवून बसवला जातो, गोधडी शिवावी तसा. हे शिवणकाम संगणकाचं. तो मागे पडला आणि आपला हात पुढे गेला की टाका सुटतो. मग मागे येऊन पुन्हा जुळवा, पुन्हा पुसा, पुन्हा आ करा. एका दाढेत हे खपून जातं. पूर्ण जबड्यात एका टोकाची बारीक चूक दुसऱ्या टोकापर्यंत साठत जाते आणि ब्रिज बसवताना कळते.

म्हणून आता कुणी धाकटी डॉक्टर फोन करून "ताई, लॅपटॉप कुठला घेऊ?" विचारते, तेव्हा मी आधी विचारते, "स्कॅनर कुठला?" प्रत्येक स्कॅनर कंपनी संगणकाच्या अटींची यादी देते. ती मागून घ्या आणि त्यातल्या 'किमान' या रकान्याकडे बघू नका, 'शिफारस' वाचा. बहुतेक ठिकाणी एनव्हिडियाचंच कार्ड लागतं. माझ्या अनुभवात कार्डाची स्वतःची मेमरी 8 जीबी आणि रॅम 32 जीबी असली की निभावतं. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटचं अक्षरही बघा. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये 'यू' म्हणजे वीज वाचवणारा आणि 'एच' म्हणजे ताकदीचा. नुसत्या 'आय-सेव्हन'वर भाळू नका. एकाच नावाचं ग्राफिक्स कार्ड जाड लॅपटॉपमध्ये जास्त वॅट खातं आणि बारीक लॅपटॉपमध्ये कमी, त्यामुळे कामातही फरक पडतो. स्कॅनर थेट लॅपटॉपच्याच पोर्टला जोडा. पोर्ट 3.0 आहे ना, तेही बघा: यूएसबी 2.0 चा वेग सेकंदाला 480 मेगाबिट, तर 3.0 चा 5 गिगाबिट. चार्जर लावलेला हवाच. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप ताकद आखडती घेतात.

स्कॅन करून फाइल लॅबला पाठवायची असेल, तर एक चांगला लॅपटॉप पुरे. क्राउनचं डिझाइन स्वतः करणार असाल, तर त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो, थंड राहतो आणि पुढे रॅमही वाढवता येते. त्याला यूपीएस मात्र घ्या. अर्ध्या डिझाइनवर वीज गेल्याचं दुःख आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि महिन्याला चार क्राउन करणाऱ्यांनी सगळ्यात महागडं कार्ड घेऊ नये. ते पैसे बॅकअपच्या दुसऱ्या डिस्कला घाला. बिलं, सिनेमे आणि मुलांचे गेम या यंत्रावर नकोत.

सगळ्यात महत्त्वाचं, पैसे देण्याआधी डेमो तुमच्या संगणकावर मागा. दुकानदाराकडून तो लॅपटॉप दोन तासांसाठी आणा आणि प्रतिनिधीला त्यावर स्कॅनर चालवायला सांगा. वरचा जबडा, खालचा जबडा, लगेच दुसरा माणूस, एसी बंद ठेवून. पहिली पाच मिनिटं प्रत्येक लॅपटॉप शहाणा असतो. विसाव्या मिनिटाला त्याचं खरं रूप दिसतं.

मी शेवटी दुसरा लॅपटॉप घेतला. वाचवलेले पन्नास हजार त्यात गेलेच, वर आणखी पडले. जुना आता रिसेप्शनवर अपॉइंटमेंटची यादी दाखवतो. तेवढं काम तो झकास करतो.