सावलीला रंग असतो

एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला झाडाची सावली रंगवावयास सांगितली, की त्याचा कुंचला आधी काळ्या वडीकडे वळतो. सावली काळी, पाणी निळे, सूर्य तांबडा, हे त्याच्या मनात पूर्वीच ठरलेले असते. डोळ्यांना विचारण्याची गरज त्याला वाटत नाही. फ्रान्समधील दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी नेमकी हीच सवय मोडली.

त्यांचे म्हणणे आपल्या त्रिरश्मी डोंगरावर पडताळता येते. (लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत याला ‘तिरण्हु’ म्हटले आहे, म्हणजे तीन किरणांचा डोंगर. प्रकाशाच्या धड्याला याहून योग्य जागा कोणती?) लेणी डोंगराच्या उत्तर अंगास आहेत. हिवाळ्यात दर्शनी खांबांवर थेट ऊन फारसे येत नाही, तरीही त्यांवरील कोरीव काम स्पष्ट दिसते. म्हणजे सावलीतही प्रकाश असतोच. तो मोकळ्या आकाशातून उतरतो, म्हणून निळसर असतो. आणि शेजारी पिवळे ऊन असले, की तीच सावली जांभळट भासते. दगडाचा रंग एकटा दगड ठरवीत नाही. वेळ, ऋतू, आकाश आणि शेजार मिळून तो घडतो. प्रतीत्यसमुत्पाद ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हे चटकन उमजावे.

क्लोद मोने यांनी ल आव्हर बंदरातील पहाट रंगविली, ते चित्र पॅरिसच्या १८७४ च्या प्रदर्शनात मांडले गेले. ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या त्याच्या नावावरूनच एका टीकाकाराने या मंडळींची थट्टा केली आणि तेच नाव पुढे रूढ झाले. त्यातील नारिंगी सूर्य धगधगता वाटतो. पण चित्राची कृष्णधवल प्रत केली, तर तो जवळजवळ नाहीसा होतो. त्याचा उजळपणा भोवतालच्या करड्या-निळ्या आकाशाइतकाच आहे. सारे तेज रंगांच्या विरोधातून आले आहे. हा प्रयोग मोबाइलवर कोणासही करता येईल.

आपल्याकडे या दृष्टीच्या जवळ जाणारे चित्रकार म्हणजे कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते गावी परतले आणि कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवीत राहिले. त्यांच्या निसर्गचित्रांत रंगाचे लहान लहान फटकारे शेजारीशेजारी ठेवलेले दिसतात. जवळून ते नुसते ठिपके, दुरून पाण्यावरची तिरीप. त्यांना आश्रय दिला तो राजर्षी शाहू महाराजांनी. ज्या राजाने बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली, त्याने चित्रकलेला चैन मानले नाही. दहावी जवळ आली, की चित्रकलेचा तास प्रथम सोडावयास सांगणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे, असे मला आग्रहाने वाटते.

विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यास. पेटीतील काळी वडी महिनाभर बाजूला ठेवावी. अल्ट्रामरीन निळ्यात थोडा बर्न्ट सायना मिसळला, की करडा रंग मिळतो. निळा वाढविला तर तो थंड होतो, तपकिरी वाढविला तर उबदार. मग गोदाघाटाचा एकच कोपरा सूर्योदयाला आणि पुन्हा अकरा वाजता, दोन वेगळ्या कागदांवर रंगवावा.