इंग्रजी संभाषणाचा सराव : मराठी मुलांसाठी काही सूत्रे

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला तो २००० साली. त्यामुळे दहावीपर्यंत आपले मूल सलग दहा वर्षे इंग्रजी शिकते. तरीही महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीवर किंवा नोकरीच्या मुलाखतीत दोन वाक्ये बोलताना त्याची जीभ अडखळते. गुणपत्रिकेत इंग्रजीचे गुण चांगले असतात आणि तोंडातून शब्द निघत नाही. घरात इंग्रजी बोलणारे कोणी नसलेल्या मुलाची तर हमखास हीच अवस्था होते. त्याची बुद्धी कमी नसते. सराव कमी असतो. शिवाय मराठी व इंग्रजी यांची घडण नेमकी कोठे वेगळी आहे, हे त्याला कोणी उलगडून सांगितलेले नसते.

पहिला भेद शब्दक्रमाचा. ‘कुत्रा मुलाला चावला’ म्हणा किंवा ‘मुलाला कुत्रा चावला’ म्हणा, अर्थ तोच राहतो; कारण कोण कोणाला चावले हे ‘ला’ हा प्रत्यय सांगतो. इंग्रजीत हे काम शब्दाची जागा करते. ‘द डॉग बिट द बॉय’ हे वाक्य उलटून ‘द बॉय बिट द डॉग’ केले, तर मुलगाच कुत्र्याला चावतो! म्हणून आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा क्रम जिभेवर बसवणे ही पहिली पायरी होय.

दुसरा भेद ‘मला’ या शब्दाचा. मला भूक लागली, मला सर्दी झाली, मला आंबा आवडतो, असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘आय’ येतो, पण क्रियापद मात्र बदलते : ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘आय हॅव अ कोल्ड’, ‘आय लाइक मँगोज’. अशी वाक्ये शब्दशः भाषांतर करून साधत नाहीत. ती अखंडच पाठ करावी लागतात.

तिसरा भेद ‘पासून’चा. ‘चार वर्षांपासून’ आणि ‘२०२१ पासून’ या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत कालावधी सांगताना ‘फॉर’ येतो व आरंभ सांगताना ‘सिन्स’. त्यामुळे ‘मी चार वर्षांपासून येथे राहतो’ याचे इंग्रजी ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फोर इयर्स’ असे होते. मराठीत ‘राहतो’ हा वर्तमानकाळ चालतो; इंग्रजीत मात्र पूर्वी सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीसाठी ‘हॅव लिव्ह्ड’ हे रूप लागते.

चौथा भेद होकार-नकाराचा. ‘तू जेवला नाहीस का?’ या प्रश्नाला न जेवलेला मुलगा ‘हो, नाही जेवलो’ असे उत्तर देतो. त्याचा ‘हो’ विचारणाऱ्याच्या अंदाजाला असतो. इंग्रजी मात्र वस्तुस्थितीकडे पाहते. जेवण झाले नसेल, तर ‘नो, आय हॅवन्ट’ हेच उत्तर. येथे ‘येस’ म्हटले की ऐकणारा जेवण झाले असे समजतो.

पाचवा भेद आदराचा. तू, तुम्ही, आपण या तिन्हींना इंग्रजीत एकच ‘यू’ आहे. मग आदर दाखवायचा कसा? तो विनंतीच्या रूपात दाखवला जातो. ‘गिव्ह मी वॉटर’ ही आज्ञा झाली. ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ ही विनंती. मनात नम्रता असूनही केवळ हे रूप ठाऊक नसल्याने आपला मुलगा परक्या माणसाला उद्धट वाटू शकतो.

व्याकरणाचे नियम समजले म्हणजे संभाषण आले असे नव्हे. पूर्वीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घडल्या. त्या पाठमालेचे मर्म थोडे-थोडे, पण रोज घोटून घेण्यात होते. वसतिगृहाला ही सोय आपसूकच लाभलेली असते. आठवड्याला एकच वाक्यरचना निवडावी. सोमवारी ‘कुड आय हॅव’ शिकवले, तर शनिवारपर्यंत भोजनगृहात भाजी, पोळी, ताक त्याच रचनेत मागावे. रात्री दोघा-दोघांनी दहा मिनिटे दिवसभराचा वृत्तान्त एकमेकांना सांगावा. बोलणाऱ्याला मध्येच थांबवू नये. चूक त्याचे बोलणे संपल्यावर सांगावी आणि बरोबर वाक्य त्याच्याकडून तीनदा म्हणवून घ्यावे. चुकणाऱ्याला हसायचे नाही, हा नियम तर सर्वांत आधी पाळावा. ज्या मुलाला एकदा सर्वांसमोर हसले जाते, ते पुढे वर्षानुवर्षे तोंड उघडत नाही.

इंग्रजी येत नसलेल्या पालकांनी स्वतःला असहाय मानू नये. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला ‘आज काय वाचलेस, ते मला मराठीत नीट सांग’ एवढे म्हटले तरी पुरे. ज्याला स्वभाषेत मुद्देसूद सांगता येते, त्याला परभाषेत फक्त शब्द शोधावे लागतात. विचार त्याच्यापाशी असतोच.

माजी विद्यार्थ्यांकडून अपेक्षा थोडी अधिक आहे. वर्षातून एक रविवार काढून दहावीच्या मुलांची सराव-मुलाखत घ्यावी. नाव, गाव, आवड, पुढचा विचार एवढेच प्रश्न विचारावेत, पण अनोळखी माणसासारखे समोर बसून विचारावेत. अनोळखी माणसाचे भय शाळेच्या अंगणातच मोडले, तर खऱ्या मुलाखतीच्या दारात आपले मूल मागे वळणार नाही.