दोन पानंही वाचून होत नाहीत, तेव्हा

लखनऊच्या जानकीपुरममध्ये लखनऊ विद्यापीठाचं दुसरं संकुल आहे, अब्दुल कलाम तंत्रविद्यापीठही इथलंच. त्यामुळे माझ्या दवाखान्यात वसतिगृहातली मुलं बरीच येतात. तक्रार डोकेदुखीची, डोळ्यांच्या जळजळीची. खोदून विचारलं की कळतं, पहाटे तीनपर्यंत मोबाइल हातात असतो. मग खाली मान घालून सांगतात, "पुस्तकाची दोन पानंही वाचून होत नाहीत."

पालकहो, याला आळस म्हणू नका. रील काही सेकंदांत मनाला नवं काहीतरी देते, पुस्तक मात्र वाट बघायला लावतं. ती वाट बघायची सवय मोडलेली असते, वाचनाची नावड असतेच असं नाही. त्यात झोप अपुरी, मग लक्ष लागणार कुठून?

'इंटरनेटचं व्यसन' हा शिक्काही घाईने मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात व्हिडिओ गेमच्या व्यसनाला आजार मानलं आहे, ते वर्गीकरण 2022 पासून लागू झालं. एकूण इंटरनेट वापराला तसं वेगळं निदान त्यात नाही. म्हणून मी तास मोजत बसत नाही. वर्ग बुडतात का, वापराबद्दल खोटं बोलावं लागतं का, कमी करायचं ठरवूनही जमत नाही का, हे विचारतो. आणि त्याआधी विचारतो, "इथे मन रमतं का?" परक्या गावातला एकटेपणा आणि नैराश्य मोबाइलआड फार सहज लपतात.

उपाय साधे आहेत, पण एकट्याने जमत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. दीड तास घराघरांत मोबाइल आणि टीव्ही बंद. सगळेच थांबतात, म्हणून कुणाला आपण मागे पडतोय असं वाटत नाही. खोलीतल्या मित्रांनी मिळून हे करावं. रात्री फोन उशाशी नको, गजराला साधं घड्याळ घ्या. रोज दहा मिनिटं छापील पुस्तक वाचा. अभ्यासाचं नको, आवडीचं, शक्यतो आपल्या भाषेतलं. लखनऊ विद्यापीठाच्या जुन्या आवारात टागोर ग्रंथालय आहे. चार माणसं वाचत असतात तिथे आपलंही मन टिकतं.

फोन हिसकावू नका. नोट्स, फी, मित्र सगळं त्यातच आहे. पण मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि सल्ला मोफत मिळतो.