एकट्याची होडी आणि मोठा मासा

किनाऱ्याची रेघ पुसट होईल इतक्या अंतरावर लहान होडी न्यायची आणि गळाने मोठा मासा धरायचा, हे कोकणात सहसा दोघातिघांचे काम असते. सुरमईसाठी निघणाऱ्या साध्या फायबर होडीतही एक जण सुकाणूवर आणि दुसरा दोरीवर असतो. मोठ्या नौकेवर तर तांडेल आणि खलाशी यांची कामे ठरलेलीच असतात. एकटा जाणारा हौशी मासेमार ही सगळी कामे स्वतःच्या अंगावर घेतो. त्याच्यावर ओढवणारे बहुतेक प्रसंग एरवी किरकोळ ठरले असते. दुसरा माणूस जवळ नसल्यामुळे ते जिवावर बेततात. म्हणून एकट्याच्या तयारीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो: दुसऱ्या माणसाने जे केले असते, ते आता कोण करणार? त्यातली काही कामे दोरीवर सोपवता येतात, काही घड्याळावर, काही किनाऱ्यावर थांबलेल्या माणसावर. जी कुणावरच सोपवता येत नाहीत, ती एकट्याने हाती घेऊ नयेत.

या मासेमारीत मुख्यतः सुरमई, कुपा, मोदुसा, तांबोसा आणि गोबरा हे मासे लागतात. पहिले दोन वेगाने पोहणारे. त्यांच्यासाठी होडी संथ चालवत मागे आमिष ओढतात. तांबोसा आणि गोबरा खडपाच्या आसऱ्याने राहतात, त्यांच्यासाठी होडी थांबवून गळ खाली सोडावा लागतो. मालवण-निवती-वेंगुर्ला हा पट्टा बुडीत खडकांचा असल्याने दोन्ही प्रकारांना चांगला आहे, पण मालवणजवळच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याच्या हद्दी नकाशावर पाहूनच निघावे. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँक या समुद्रातल्या बुडीत पठाराची वर्णने ऐकून अनेकांना तिचा मोह पडतो. लहान होडीने तिथे जाण्याचा विचारही करू नये, मग सोबत कितीही माणसे असोत.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हौशी माणसाने नारळी पौर्णिमेनंतरही घाई करू नये. पावसाळी लाट बसायला वेळ लागतो आणि लहान होडीला भरवशाचा समुद्र मिळतो तो साधारण ऑक्टोबरपासून. त्या दिवसांतल्या वाऱ्याची एक घडी असते. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, समुद्र सपाट असतो आणि बाहेर पडणे सोपे जाते. दुपारकडे वारा फिरतो, समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि तासाभरात पाणी खवळते. यातली मेख अशी, की सकाळी इंजीन बंद पडले तर तोच सुखाचा मतलई वारा होडीला किनाऱ्यापासून दूर नेतो. तेव्हा सकाळचा निवांतपणा ही सुरक्षिततेची खूण समजू नये. इंजीन बंद करण्यापूर्वी वारा कुठे नेतो आहे हे पाहावे, आणि नांगराची दोरी तिथल्या खोलीला पुरेल इतकी आहे याची खात्री असावी.

हिवाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्र शांत असतो, हेही सरसकट खरे नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले, ते ऐन हंगामात. कोकणातल्या नौका फुटल्या, मच्छीमार बेपत्ता झाले. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी नौकांनी देवगड बंदरात आसरा घेतला. त्या मोठ्या नौका होत्या आणि त्यांवर अनुभवी माणसे होती. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री आणि पुन्हा निघताना पाहावा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर होडीला हातही लावू नये. आकाश निरभ्र दिसत असले, तरी तो बावटा त्या बंदरालाच धोका आहे असे सांगत असतो.

दिल्लीच्या द्वारकेसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसाला यात एक वेगळीच जोखीम आहे. त्याचा समुद्र सुट्टीपुरता असतो. निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरीला उतरायचे, आठवडाभर राहायचे आणि परतीचे तिकीट खिशात. पहिले तीन दिवस वारा पडला नाही, तर चौथ्या दिवशी ‘आता नाही तर पुढच्या वर्षी’ हा विचार बळावतो आणि इशारा असतानाही होडी पाण्यात जाते. किनाऱ्यावरचा मच्छीमार असा दिवस घरी बसून सहज सोडून देतो. समुद्र त्याला उद्याही आहे. त्यामुळे जायचे की नाही याची मर्यादा सुट्टीवर निघण्यापूर्वी, द्वारकेतच, कागदावर लिहून ठेवणे चांगले: लाट किती असेल तर जायचे नाही, किती वाजता कुठेही असलो तरी होडी वळवायची, किती मैलांपलीकडे जायचे नाही. गळाला मासा लागलेला असताना माणूस असे निर्णय नीट घेत नाही. आणि हौशी माणसाने निदान पहिला हंगाम तरी स्थानिक तांडेलाबरोबर काढावा. तो पाण्याच्या रंगावरून, पक्ष्यांच्या घिरट्यांवरून जे ओळखतो, ते कुठल्याही यंत्राच्या पडद्यावर दिसत नाही.

परतीची वेळ ठरवताना भरती-ओहोटीचे कोष्टक हाताशी हवे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तशा खाडीच्या तोंडांशी वाळूची दांडी असते. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर येत असते आणि समोरून लाट आत येत असते. दोन्ही दांडीवर भिडली की लाट उभी राहून फुटते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला हा जोर सर्वांत जास्त, अष्टमीच्या भांगाला कमी. सकाळी ज्या तोंडातून होडी अलगद बाहेर पडली, तिथेच ती दुपारी आडवी होऊन उलटू शकते. एकट्याने भरतीच्या वेळेला धरून आत यावे. वेळ चुकली असेल तर बाहेरच थांबून भरतीची वाट पाहावी. त्यासाठी पाणी आणि इंधन शिल्लक असले पाहिजे.

इंधनाचा जुना हिशोब तिसऱ्या हिश्श्याचा: एक हिस्सा जाण्याला, एक येण्याला आणि एक न मोजता राखलेला. आमिष ओढत हिंडताना किती इंधन जळते याचा अंदाज नेहमी कमी पडतो, हे लक्षात ठेवावे. इंजीन बंद पडण्याची नेहमीची कारणे साधी असतात: इंधनात पाणी, खराब झालेला प्लग, पंख्यात अडकलेला जाळ्याचा तुकडा. या तिन्हींच्या दुरुस्त्या हलत्या होडीत, एकट्याने, किनाऱ्याजवळ करून पाहिलेल्या असाव्यात. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. ती नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधली गेली, त्या बांधकामात दोंदे यांचा सुरुवातीपासून सहभाग होता. जिच्यात आपण एकटेच असणार आहोत ती होडी आतून-बाहेरून ओळखीची हवी. भाड्याने घेतलेली, काल पहिल्यांदा पाहिलेली होडी घेऊन एकट्याने खोल पाण्यात जाणे चुकीचेच. इंजिनाबरोबर वल्ही हवीत, ती काही मैल पुरणार नाहीत तरीही. होडीचे तोंड लाटेकडे ठेवायला ती लागतात.

होडीतून पाण्यात पडणे हा एकट्याचा सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो मोठ्या लाटेपेक्षा लहानसहान कारणांनी येतो. माणूस लघवीसाठी काठावर उभा राहतो, ओल्या तळावर पाय सरकतो, वाकून मासा उचलताना तोल जातो. इंजीन चालू असेल तर होडी त्याला मागे टाकून निघून जाते. बंद असेल तरी वारा तिला पोहणाऱ्यापेक्षा वेगाने नेऊ शकतो. यावर उपाय तीन, आणि तिन्ही एकदम हवेत. लाइफ जॅकेट अंगावर, पट्टे आवळलेले. पेटीत ठेवलेल्या जॅकेटचा काहीही उपयोग नाही. इंजिनाच्या किल-स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली, म्हणजे माणूस पडताच इंजीन थांबते. आणि होडीवर परत चढण्यासाठी काठावरून पाण्यात सोडलेली दोरीची पायरी, जी पाण्यातून हाताला येईल अशी बांधलेली असेल. ओल्या कपड्यांत, दमलेल्या हातांनी फायबरच्या गुळगुळीत काठावरून वर येणे धट्ट्याकट्ट्या माणसालाही जमत नाही. याचा सराव मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरही होतो: द्वारकेच्या जलतरण तलावात जॅकेट घालून काठ न धरता दोरीच्या पायरीने वर येऊन पाहावे. एका हाताने गाठी बांधण्याचा सराव घरच्या खुर्चीच्या पायावरही होतो. लघवीसाठी डबा ठेवावा आणि बसूनच करावी. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे.

बोट लागण्यावरच्या गोळ्यांनी अनेकांना गुंगी येते. सोबतीला कोणी असेल तर चालते. एकट्याने अशी गोळी समुद्रावर पहिल्यांदा घेऊ नये. आधी घरी घेऊन तिचा परिणाम पाहावा. ऊन डोक्यावर आले की निर्णय मंदावतात, म्हणून टोपी आणि दिवसाच्या गरजेच्या दुप्पट पिण्याचे पाणी.

मासा लागल्यानंतरचा काळ सर्वांत नाजूक. निवतीच्या समोर, डिसेंबरातल्या एका सकाळी, द्वारकेहून सुट्टीवर आलेल्या एका हौशी मासेमाराच्या आमिषाला मोठी सुरमई लागली. आमिष माशाच्या आकाराचे, पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे दोन तिहेरी गळ असलेले. सुरमई होडीत आली तेव्हा जिवंत होती. शेपटीकडचा गळ तिच्या जबड्यात, पोटाखालचा मोकळा. ती उसळली आणि मोकळा गळ उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी उलट्या काट्यासकट घुसला. आता हात आणि मासा एकाच आमिषाला जोडलेले होते आणि माशाच्या प्रत्येक उसळीने गळ आणखी आत जात होता. पक्कड बसायच्या फळीखालच्या पेटीत होती, हात पुरणार नाही इतक्या अंतरावर. इंजीन बंद होते आणि होडी मतलईने बाहेर वाहत होती. गुडघ्याने मासा तळाशी दाबून, पायाने पेटी ओढून, डाव्या हाताने आमिषाची कडी कापेपर्यंत किनारा बराच मागे गेला होता. शेजारी कोणी असते तर हे काम मिनिटभराचे होते.

यातून निघणारे नियम स्पष्ट आहेत. एकट्याने तिहेरी गळ वापरू नयेत. त्यांच्या जागी एकेरी गळ लावावेत आणि त्यांचा उलटा काटा पकडीने चेपून टाकावा. काही मासे सुटतील, ते सुटू द्यावेत. गळाची तार तोडू शकणारे मजबूत कटर छातीवर, दोन्ही हातांना पोहोचेल असे दोरीने बांधलेले असावे. मासा होडीत आल्यावर डोक्यावर सोट्याचा घाव घालून तो निपचित होईपर्यंत आमिषाला हात लावू नये. उलटा काटा असलेला गळ खोल रुतलाच, तर समुद्रावर उपटू नये. दोरी कापावी, हात बांधून घ्यावा, किनारा गाठून डॉक्टरकडे जावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

दोर कधीही हाताला गुंडाळू नये. मोठा कुपा तो खेचतो तेव्हा बोटे आधी अडकतात, मग माणूस काठावरून जातो. रिळाचा ब्रेक दोराच्या ताकदीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्यावर ठेवावा आणि ओढाताणीत तो आवळत जाण्याचा मोह टाळावा. आकडीने मासा उचलताना उभे न राहता गुडघे टेकावेत. आकडीच्या दोरीचा फास मनगटात नसावा. एका हाताने काठावरून आत येणार नाही इतका मोठा मासा एकट्याने होडीत घेऊच नये. बाजूला आणून आमिष कापावे आणि सोडावा. मुशी किंवा पाकट लागले तर दोर लगेच कापावा. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्याने वेदना उतरते, म्हणून गरम पाण्याचा थर्मास न्यावा.

संपर्काची साधने होडीवर नव्हे, अंगावर हवीत. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून काही मैलांनंतर जाते. त्यापुढे व्हीएचएफ संच, चॅनेल १६. इस्रोने विकसित केलेले संकट-सूचक यंत्र, म्हणजे डीएटी, उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला इशारा देते, आणि त्याच्या दुसऱ्या पिढीत इशारा पोहोचल्याची पोच होडीवर मिळते. २१ सप्टेंबर २०१८ रोजी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी मोडली. ते पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, पाठीच्या दुखापतीने बिछान्याला खिळून होते. संदेश पाठवता येत होता, म्हणून विमानांनी नौका शोधली आणि २४ तारखेला ओसिरिस या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

कागदपत्रांकडे २००८ पासून कडक लक्ष असते. २६ नोव्हेंबरचे हल्लेखोर ‘कुबेर’ ही पळवलेली मासेमारी नौका वापरून मुंबईजवळ आले होते. होडीची नोंदणी, मासेमारीचा परवाना आणि स्वतःचे ओळखपत्र जवळ नसेल, तर गस्ती नौका परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

शेवटचे काम किनाऱ्यावरच्या माणसाचे. घरचा असो वा बंदरातला, त्याच्याकडे कागदावर लिहून द्यावे: होडीचा रंग आणि नोंदणी क्रमांक, कोणत्या बाजूला आणि किती मैल जाणार, जॅकेटचा रंग, कोणती यंत्रे सोबत आहेत, परतीची वेळ आणि त्यानंतर किती वेळ थांबायचे. तो वेळ उलटला की त्याने संकोच न करता तटरक्षक दलाच्या १५५४ आणि सागरी पोलिसांच्या १०९३ या क्रमांकांवर कळवावे, कागद समोर ठेवून, शेवटचा फोन किती वाजता आला आणि तेव्हा वारा कुठून होता हे सांगून. होडी उशिरा पण सुखरूप परतली, तरी त्याच क्रमांकांवर लगेच कळवावे, म्हणजे शोध थांबवता येतो.