गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि पॅपिलोमा विषाणू

इटलीतील रिगोनी-स्टर्न या वैद्याने व्हेरोना नगरातील अनेक वर्षांच्या मृत्युनोंदी तपासून १८४२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गर्भाशयाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांत विवाहित स्त्रिया व विधवा पुष्कळ होत्या. मठवासी संन्यासिनींमध्ये मात्र हा रोग विरळा होता. यावरून या रोगाचा शरीरसंबंधाशी काही तरी संबंध असावा, असे अनुमान निघत होते. परंतु प्रत्यक्ष कारण हाती येण्यास सुमारे १४० वर्षे लागली.

विषाणूचा शोध

जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांचा संशय चामखीळ उत्पन्न करणाऱ्या पॅपिलोमा विषाणूंवर होता. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना गर्भाशयमुखाच्या कर्कपेशींत १९८३ साली या विषाणूचा १६ वा प्रकार आणि १९८४ मध्ये १८ वा प्रकार आढळला. या कार्याबद्दल त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असून सुमारे चौदा प्रकार कर्करोगास कारण होऊ शकतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के केवळ १६ व १८ या दोन प्रकारांमुळे होतात.

पेशीत काय घडते?

निरोगी पेशीत विभाजनावर पहारा ठेवणारी काही प्रथिने असतात. काही प्रथिने अवेळी होणारे विभाजन रोखतात. काही, पेशीत बिघाड झाल्यास, तिला थांबवितात किंवा नष्ट होण्यास भाग पाडतात. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने नेमके हे पहारेकरी निकामी करतात. मग बिघडलेल्या पेशी वाढत राहतात आणि त्यांत नवे दोष साचत जातात.

संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे

हा विषाणू इतका सर्वत्र पसरलेला आहे की, शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा तरी त्याचा संसर्ग होतो. एकाच जोडीदाराबरोबर राहणाऱ्यासही तो होऊ शकतो. म्हणून या रोगावरून कोणाच्या शीलाविषयी तर्क करणे अशास्त्रीय आणि अन्यायाचे होय. बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत हा संसर्ग आपोआप परतवून लावते. ज्या थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो, त्यांच्यातही कर्करोग होण्यास साधारणतः पंधरा ते वीस वर्षे लागतात.

प्रतिबंध

हा दीर्घ अवधी मनुष्याच्या हिताचा आहे. त्या काळात गर्भाशयमुखाची तपासणी केल्यास कर्करोगपूर्व बदल दिसून येतात व ते साध्या उपचारांनी दूर करता येतात. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची पाहणी झाली. ज्या गावांत विषाणूची तपासणी एकदाच करण्यात आली, तेथील या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळजवळ निम्मे होते, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

प्रतिबंधक लस २००६ पासून उपलब्ध आहे. पुण्यात तयार झालेली भारतीय लस २०२२ साली पुढे आली. ९ ते १४ या वयात, म्हणजे संसर्गाचा संभव उत्पन्न होण्यापूर्वी, ती सर्वांत गुणकारी ठरते. झालेला संसर्ग ती बरा करीत नाही. म्हणून लस घेतलेल्या स्त्रीनेही पुढे तपासणी करवून घेणे अवश्य आहे. कोणताही त्रास जाणवत नसताना केलेली तपासणी हीच या रोगात सर्वाधिक उपयोगाची असते.