भरतीची वेळ आणि मुंबईचे पाणी



पावसाळ्यात बातम्यांमध्ये आपण ऐकतो, "आज दुपारी साडेचार मीटरपेक्षा उंच लाटा!" खरं तर हा आकडा लाटांचा नसतो, तो भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो. मुंबईकरांना त्याची एवढी काळजी का, ते आज समजून घेऊ.

अडचण काय आहे?
मुंबईतले पावसाचे पाणी नाल्यांतून उताराने समुद्राला आणि खाडीला मिळते. ते जिथून बाहेर पडते त्या तोंडाला पातमुख म्हणतात. अशा १८६ पातमुखांपैकी फक्त ६ भरतीच्या पातळीच्या वर आहेत.

एक प्रयोग करून बघा. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, ती पाण्याने भरा आणि निम्मी बादलीत बुडवून धरा. बाटलीतले पाणी बादलीतल्या पातळीपर्यंत उतरते आणि तिथेच थांबते. भरतीच्या वेळी नाल्यांचे अगदी असेच होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्यातच दुपारी मोठी भरती आली. शेकडो माणसांचे प्राण गेले.

शहर तयारी कशी करते?
१. वेळापत्रक : महापालिका पावसाळ्यातल्या मोठ्या भरतींचे दिवस आधीच जाहीर करते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते, म्हणून हे आधी सांगता येते.
२. दरवाजे आणि पंप : हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध येथे उदंचन केंद्रे आहेत. भरतीला दरवाजे बंद करून समुद्राचे पाणी अडवतात आणि आतले पाणी पंपाने बाहेर फेकतात.
३. टाक्या : हिंदमाता परिसरात तुंबणारे पाणी भूमिगत टाक्यांत साठवतात. ओहोटी लागली की ते सोडून देतात.
४. कांदळवन : तिवरांची मुळे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात. खाडीकाठच्या या सखल जागेत भरतीचे पाणी पसरू शकते. तिथे भराव टाकला, की ते पाणी वस्तीकडे सरकते.

पुढे काय?
तापमान वाढले की समुद्राचे पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरचा बर्फही वितळून त्यात येतो. १९०१ ते २०१८ या काळात जगातली सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंमी वाढली. तुम्ही म्हणाल, एक वीतभर तर आहे! पण आपली बादली आठवा. तिच्यातली पातळी वीतभर वाढली, तर बाटलीतले पाणी तेवढे वरच अडेल. म्हणजे पातमुखे दिवसातले जास्त तास बुडलेली राहतील आणि पंप जास्त वेळ चालवावे लागतील. पंप वाढवता येतील, पण पाण्याला पसरायला जागाच उरली नाही तर एकटे पंप किती पुरतील? त्याची झळ आधी सखल वस्तीतल्या घरांना बसते.

स्वाध्याय : भरतीचे वेळापत्रक मिळवा. सलग सात दिवसांच्या भरतीच्या वेळा वहीत लिहा. वेळ रोज साधारण किती मिनिटांनी पुढे जाते? कारण शोधा.