प्रबळगडावर नेलेली तूरडाळ

पनवेलच्या एसटी स्टँडवर ठाकूरवाडीच्या गाडीची वाट बघणाऱ्या चौघांच्या पाठीवर मिळून अकरा किलो खाणं होतं. मुक्काम एकाच रात्रीचा. तांदूळ, तूरडाळ, दोन किलो बटाटे, कांदे, टोमॅटो, ब्रेड, काचेच्या बाटलीतला जॅम, घरून प्रेमाने दिलेली ओल्या नारळाची चटणी आणि एक अख्खा कोबी. कोबी कुणी आणला, यावर आजही एकमत नाही.

त्या चौघांपैकी एकावर आता ग्रुपच्या खाण्याची जबाबदारी असते. नवीन पोरं ट्रेकला निघाली की तो आधी त्यांच्या पिशव्या उघडायला लावतो आणि मग ही गोष्ट सांगतो.

ठाकूरवाडीतून प्रबळमाचीची चढण सुरू झाली तेव्हा ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापलं होतं. माचीवर पोचेपर्यंत ब्रेडचा लगदा झाला होता. चटणीच्या डब्याचं झाकण फुगलं होतं. उघडल्यावर आतून बारीक बुडबुडे आले. ती तिथेच बाद. रात्री खिचडी टाकली. पाऊण तास झाला, तांदळाची पेज झाली, पण डाळीचा दाणा दाताखाली कचकन वाजतच राहिला. न भिजवलेली तूरडाळ कुकरशिवाय शिजायला तास-तास घेते, हे घरात चारही जणांच्या आयांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पाठीवरून आणलेलं निम्मं पाणी त्या खिचडीत आणि करपलेलं पातेलं घासण्यात गेलं. गंमत अशी, की पलीकडच्याच घरात दुसऱ्या एका ग्रुपच्या पानात गरम तांदळाची भाकरी आणि पिठलं पडत होतं. माचीवरची घरं आधी कळवलं तर जेवण करून देतात. पण 'आपण स्वतः रांधायचं' हा हट्ट.

खरी चूक पुढची. उरलेली खिचडी टाकवेना म्हणून डब्यात भरली, आणि उजाडायच्या आत निघायच्या घाईत बाटल्या भरायच्या राहिल्या. माचीवरून प्रबळगडाची वाट दगडधोंड्यांच्या उभ्या नाळेतून चढते. वर दाट झाडीचं पठार आहे. हाच जुना मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी एक. तेव्हा इथे शिबंदीसाठी धान्य साठवलेलं असेल, आता साधी टपरीही नाही. दहा वाजता डबा उघडला तर खिचडीला तार सुटलेली. वास येईपर्यंत एकाने चार घास खाल्ले होते. उतरताना तो दर वीस मिनिटांनी झाडीत जात होता आणि चौघांत मिळून एक लिटर पाणी होतं.

भात नासतो तो नुसत्या उकाड्याने नाही. कच्च्या तांदळातल्या काही जिवाणूंची बीजं उकळीतही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढतात, आणि त्यांनी केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाठीवरच्या सॅकमध्ये फ्रीज नसतो, म्हणून रात्रीचा भात रात्रीच संपवायचा.

आता ग्रुपचं खाणं बघणाऱ्या त्या मित्राचा हिशोब वजनापासून सुरू होतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ५७० कॅलरी असतात, तेवढ्याच काकडीत पंधराच्या आसपास. माणशी दिवसाला सहाशे-सातशे ग्रॅम कोरडं खाणं पुरतं: दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी शेंगदाण्याची चटणी, गूळ, डिंकाचे लाडू, खजूर. काकडी मात्र तो एक नेतोच, पहिल्या तासाभरात खायला. चूल पेटवायचीच असेल तर घरी रवा भाजून, त्यात फोडणी आणि मीठ घालून पुडी करायची. वर नुसतं उकळतं पाणी ओतायचं. खिचडी हवीच असेल तर मुगाची डाळ, तीही चढताना डब्यात भिजत घातलेली. आणि नवा पदार्थ असेल तर आधी एकदा गच्चीवर, त्याच छोट्या स्टोव्हवर करून बघायचा. त्याच्या मते निम्मे घोटाळे गच्चीवरच उघडे पडतात.

पाणी मोजताना तो पिण्याचं आणि रांधण्याचं वेगळं धरतो. पिण्याचं माणशी तीन-चार लिटर, शेवटच्या घराशी पुन्हा भरून घेतलेलं. बिस्किटं आणि फरसाण भरपूर नेणाऱ्यांना तो हसतो: घसा कोरडा असताना पार्लेजीचा घास गिळून दाखवा म्हणतो. औषधांच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं असतात. ती संपली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. त्या दिवशी साखर होती, मीठ होतं, पाणीच नव्हतं.

चार घास खाणारा मित्र ठाकूरवाडीच्या पहिल्या घराच्या ओटीवर तासभर आडवा पडला होता. आतल्या आजींनी तांब्याभर पाणी आणि मीठ घातलेली पेज दिली, पैसे घेतले नाहीत. कोबी त्यांच्याकडेच ठेवून चौघे उतरले. जॅमची बाटली मात्र न फुटता पनवेलला परत आली. तिच्यात आता मेतकूट असतं. ट्रेकच्या आदल्या रात्री त्यातलं चार चमचे कागदाच्या पुडीत जातं आणि बाटली फडताळातच राहते.